महादेवरावांची आखूड वाक्यं

महादेवराव पोहनकरांची आणि माझी पहिली भेट एका वाक्यात झाली. वाक्य त्यांचं होतं. ते सुरू झालं तेव्हा मी वर्ध्याच्या कचेरीत नुकताच चिकटलेला, काळ्याभोर केसांचा कारकून होतो. ते संपलं तेव्हा माझ्या कानशिलाशी पांढरं दिसू लागलं होतं, असं आमची मंडळी आजही शपथेवर सांगते. मधल्या काळात खिडकीबाहेरच्या कडुनिंबाला मोहोर आला, निंबोळ्या धरल्या, पिकल्या आणि गळल्या. शिपायानं चहा आणला, तो निवला, त्यानं तो परत नेऊन स्वतः प्यायला. शेजारच्या टेबलावरचे एक गृहस्थ निवृत्तही झाले असावेत. क्रियापद मात्र येईना. शेवटी ते एकदाचं आलं आणि मला कळलं, की ते मला खुर्चीवर बसा म्हणत होते.

कोणती कचेरी ते सांगत नाही. तिचा पगार मी अजून घेतो.

महादेवराव तिथे भाषांतरकार होते. बुटके, गोल, भर मे महिन्यात कोटाची वरपर्यंत बटणं लावणारे, डोक्यावर काळी टोपी, काखेत छत्री. तेव्हा आपला जिल्हा मध्यप्रदेशात होता आणि राजधानी नागपूरला होती. इंग्रज गेले होते, पण त्यांची इंग्रजी फायलींतून निघता निघत नव्हती. तिला काढायला नवे नवे सरकारी शब्द वरून गठ्ठ्यानं येत, आणि महादेवराव ते पोरीच्या लग्नातल्या दागिन्यांसारखे निरखून घेत. एकदा मी त्यांना म्हटलं, "यात सरळ 'विहीर' का नाही लिहीत?" त्यांनी माझ्याकडे फार दयेनं पाहिलं. "बादली सोडतात ते विहीर म्हणतात. शासन कूप म्हणतं."

घरीसुद्धा हाच कारभार. सिंदी मेघेला त्यांच्याकडे मी जेवायला गेलो होतो. आमटीचा घास घेऊन ते म्हणाले, "यात लवणाची किंचित न्यूनता आहे." सुलोचनाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, शांतपणे ताट उचललं आणि आमटी मांजराला घातली. आमटी नासली, एवढंच त्यांना समजलं होतं.

या सगळ्याच्या मुळाशी एक बाई होती. कारंज्याच्या पुढे डोंगराच्या अंगाला उंबरधरी म्हणून खेडं आहे. महादेवराव तिथले. आई लहानपणीच गेली, आणि थोरली बहीण कौशल्याबाई, त्यांची अक्का, हिनं त्यांना कडेवर वाढवलं. स्वतः अक्षरशत्रू, पण भावाला आर्वीच्या शाळेत घातलं. पहिल्या पगारात भावानं तिला हिरवं लुगडं नेलं. तिनं ते घडी न मोडता पेटीत ठेवलं आणि भावाला एकच सांगितलं: "आता गावठी बोलू नोको. साहेबावानी बोल." त्या दिवसापासून महादेवरावांच्या तोंडून वऱ्हाडी शब्द निघाला नाही. अक्कानं मागितलेली ओवाळणी ते अशी रोज घालत होते.

आता महादेवरावांनी लिहिलेल्या नोटिशीचं गावात काय होई ते सांगतो. उंबरधरीचा कोतवाल प्रेमदास डफ वाजवी, आणि गाव जमलं की कागद वाची. कौशल्याबाई सगळ्यांच्या पुढे पदर सावरून उभी. तिच्या भावाचे शब्द! प्रत्येक स्वल्पविरामाला ती मान डोलवी. वाचन संपलं की मागे वळून विचारी, "समजलं ना?" आणि गाव एका सुरात म्हणे, "समजलं." नाही म्हणायची हिंमत कुणात होती? तिच्या तोंडी लागण्यापेक्षा सरकारच्या तोंडी लागणं बरं. पाटील बंडूजी पावतीवर 'वाचून दाखवले, समजले' असं लिहून सही ठोकीत आणि आमच्या फायलीत उंबरधरी हे जिल्ह्यातलं सगळ्यात समजदार गाव म्हणून नोंदलं जाई.

मग संध्याकाळी एकेक जण हळूच तिच्या ओट्यावर येई. "कौशल्याबाई, काय म्हनते सरकार?" आणि ती सांगे. तिला तरी काय कळलेलं असायचं! पण सुगी असली की ती म्हणे सारा भरा, पेरणी असली की म्हणे ढोरं आवरा. सरकार दरवर्षी त्याच वेळी तेच मागत असल्यानं तिचं भाषांतर सहसा चुकत नसे. आमच्या कचेरीच्या भाषांतरापेक्षा ते बरं होतं.

प्रेमदासला एकदा वाटलं होतं, आपणच दोन शब्द सोपे करून सांगावे. पण कचेरीचं एक परिपत्रक होतं: दवंडीचं वाचन शब्दशः व्हावं, कोतवालानं पदरचं काही घालू नये, घातल्यास दंड. परिपत्रक कुणी लिहिलं होतं ते सांगायला नको.

पंचावन्न सालच्या मे महिन्यात आर्वीकडच्या भागात पटकीची साथ आली. आरोग्य खात्याची माणसं गावोगाव विहिरींत लाल दवा टाकत पुढे पळत होती. थांबून समजावायला त्यांना सवड नव्हती. समजावण्याचं काम नोटिशीकडे आणि नोटीस महादेवरावांकडे. त्यांनी ती लिहिली आणि मला वाचून दाखवली. वाचताना त्यांचा आवाज भरून आला होता.

"'विसूचिकेच्या संभाव्य प्रादुर्भावास्तव सार्वजनिक कूपांत जंतुघ्न द्रव्य प्रक्षेपिण्यात आले असून तज्जन्य वर्णविकार निरुपद्रवी मानून कूपजल प्राशनार्ह समजावे व प्रवाहजल सर्वथा वर्ज्य करावे.'"

म्हणजे: विहिरीत दवा टाकली आहे, पाणी त्यानं लाल झालं आहे, ते खुशाल प्या, नाल्याचं पिऊ नका.

नोटीस गेली. पुढच्याच आठवड्यात एका सकाळी प्रेमदास कोतवाल कचेरीच्या दारात उभा. काही कामानं वर्ध्याला आला होता. अक्कांनी भावासाठी दिलेली कैऱ्यांची पिशवी त्याच्या हातात होती.

"काय प्रेमदास," महादेवराव प्रसन्नपणे म्हणाले, "अधिसूचना ग्रामस्थांना विदित झाली?"

"हो जी. समजलं साऱ्याइले. त्याच दिशी इहीर बंद केली."

महादेवरावांच्या हातातला टाक थांबला. "बंद?"

"काट्या टाकल्या ना जी चारी आंगानं. पानी लाल झालं, तुमचा कागद आला. कौशल्याबाईनं सांगतलं, का मरीमायनं यंदा इहीर मांगतली. देऊन टाकली."

इथे एक सांगायला हवं. उंबरधरीत साथ आली की मरीमायला काहीतरी सोडायची रीत होती. कधी बकरं, कधी कोंबडं, कधी लुगडं. आणि एकदा सोडलेल्या वस्तूला गावातलं कुणी पुन्हा हात लावत नसे.

"मग पाणी कुठलं पिता?" मी विचारलं.

"नाल्यात झिरा खांदला ना. गोड पानी हाय. आता वरच्या वाडीत लोकाइले उलट्या सुरू झाल्या, पन आमच्या इकडे काई नाई अजून."

"वरची वाडी नाल्याच्याच काठी ना?"

"त्याच नाल्याच्या. तेथचंच पानी खाली येते ना."

महादेवरावांचा चेहरा कोऱ्या कागदासारखा झाला. "अक्का..." ते म्हणाले, "अक्कासुद्धा झिऱ्याचंच?"

"पयली घागर त्याईचीच."

महादेवराव उठले. हेडक्लार्क म्हणाले, रजेचा अर्ज द्या, कारण नमूद करा, साहेब दौऱ्यावर आहेत, ते आले की मंजुरी. महादेवरावांनी छत्री काखेत मारली आणि म्हणाले, "जातो."

अर्धी कचेरी खुर्चीतून उठली. त्यांच्या तोंडून इतकं आखूड वाक्य कुणी ऐकलंच नव्हतं. प्रेमदास होताच, पण ते आजारी असावेत म्हणून मीही सोबत निघालो.

खरं सांगायचं तर सोबतीला आणखी एक कारण होतं. महादेवरावांना मोटार लागायची. लागायची म्हणजे काय, मोटारीचं नुसतं चित्र पाहून ते लिंबू हुंगत. आर्वी येईस्तोवर ते तीनदा खिडकीबाहेर वाकले. मधल्या वेळात डोळे मिटून भाषणाचा मसुदा करत होते. "'प्रथमतः समस्त ग्रामस्थांप्रति...'"

"महादेवराव," मी म्हटलं, "तुमचं 'प्रथमतः' संपेस्तोवर बायका नाल्यावर जाऊन येतील."

"मग काय म्हणू?"

"पाणी पिऊ नका म्हणा."

"फक्त एवढंच?" ते खरोखर घाबरून म्हणाले आणि चौथ्यांदा वाकले.

आणि मला दुसरीच धास्ती वाटू लागली. पटकीच्या दिवसांत, गावच्या चौकात, हा माणूस सगळ्यांसमोर ओकला तर? मी त्यांना तसं सांगितलंही. ते म्हणाले, "तसे होऊ नये असा प्रयत्न राहील," आणि तोंडावर रुमाल धरला.

कारंज्याहून प्रेमदासनं एक बैलगाडी धरली. उंबरधरीत शिरलो तेव्हा उन्हं कलली होती. नेमकी संध्याकाळचं पाणी भरायची वेळ. विहिरीभोवती बोरीच्या काट्या, काठावर लिंबं, हळदकुंकू, हिरव्या बांगड्या; पलीकडे शेंदूर लावलेला मरीमायचा दगड. बायका रिकाम्या घागरी घेऊन नाल्याकडे निघालेल्या. आणि ओट्यावर कौशल्याबाई, धडधाकट, कमरेवर हात ठेवून.

"आले का महादेवराव!" ती गावाला ऐकू जाईल अशी म्हणाली. चारचौघांत ती भावाला असंच बोलवी. "घ्या, पानी घ्या आंधी. उनातून आले."

तिची नात सुधा लोटा घेऊन पुढे आली. जाता जाता स्वतःही एक घोट घ्यावा म्हणून तिनं तो तोंडाला लावला मात्र, महादेवराव धावले आणि फटकन लोटा उडवला. पाणी धुळीत गेलं. पोर भोकाड पसरून रडू लागली. आलेल्या पाहुण्यानं घरचं पाणी सांडावं! ओट्यावरची, रस्त्यावरची, सगळी माणसं जागच्या जागी थांबली. कौशल्याबाईचं तोंड उघडं ते उघडंच.

गाव गोळा झालं. बंडूजी पाटील फेटा सावरत आले. महादेवराव विहिरीच्या काठावर चढले, कोट ओढून नीट केला आणि बोलू लागले.

"समस्त ग्रामस्थांस विनम्रतापूर्वक निवेदन करण्यात येते, की प्रस्तुत कूपातील जल..."

मी कपाळाला हात लावला. गावानं हात जोडले. कौशल्याबाईची मान सवयीनं डोलू लागली. वाक्य डोंगर चढलं, उतरलं, वळसे घेऊन एकदाचं थांबलं. ती वळून म्हणाली, "समजलं ना?"

"समजलं," गाव म्हणालं. आणि बायकांनी घागरी काखेला लावल्या आणि त्या नाल्याच्या वाटेला लागल्या.

महादेवराव पाहत राहिले. पहिली घागर वळणाआड गेली. दुसरी गेली. त्यांच्या ओठांची हालचाल होत होती, पण बाहेर काही पडत नव्हतं. इतक्या वर्षांची कुलपं, किल्ली कुठे ठेवली तेच आठवेना.

"थांबा वो माय!" एकदम कुणीतरी ओरडलं. मला वाटलं प्रेमदास. पण तो आवाज टोपीखालून आला होता. "थांबा! काऊन जाता तिकडे? नाल्याचं पानी नोका पिऊ! मरसान!"

बायका थांबल्या. गाव थांबलं. झाडावरचे कावळेही थांबले असावेत.

"इहिरीत दवा हाय," महादेवराव म्हणाले. शब्द अडखळत येत होते, पण येत होते. "लाल दिसते ते दवाचं. कुकू नाई. सरकारनंच टाकली. हे पानी प्या. वरच्या वाडीत पटकी हाय, थे लोकं नाल्यात कपडे धुतात, तेच पानी तुमच्या झिऱ्यात येते. इहिरीचं प्या. नाल्याचं पिऊ नोका. बस."

वळणाआड गेलेल्या दोघीही मागे फिरल्या. मग बंडूजी पाटील पुढे आले.

"महादेवराव, रागावू नोका. पन हेच कागदात होतं?"

"हेच होतं."

"मंग कौशल्याबाईनं त उलटंच सांगतलं." पाटलांनी तिच्याकडे पाहिलं. "का वो बाई? तुमाले समजलं नोतं का?"

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. इतक्या वर्षांत तिला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ती बाई, जिच्या पुढे पाटीलसुद्धा आवाज खाली ठेवत, ओट्याच्या खांबाला टेकली. तिच्या चेहऱ्यावरचं मला बघवेना. आज ती 'नव्हतं समजलं' म्हणाली असती तर गावात पुन्हा मान वर करून चालली नसती. आणि 'समजलं होतं' म्हणाली असती तर भाऊ खोटा ठरून गाव नाल्यावर गेलं असतं.

महादेवरावांनी टोपी काढली. त्यांचं टक्कल मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"अक्काले बरोबर समजलं," ते म्हणाले. "लिवनारा चुकला. म्या चुकलो."

कचेरीत ज्यांनी कधी स्वल्पविरामाची चूक मान्य केली नव्हती, ते हे बोलत होते. आणि त्यात खोटं किती आणि खरं किती, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

"चूक कागदाची असन," एक म्हातारा म्हणाला, "पन देल्ली वस्तू वापस कशी घ्याची? मरीमाय सोडते काय?"

हे मात्र कुणाच्या परिपत्रकात नव्हतं. महादेवराव खाली वाकले. काट्या बाजूला ओढल्या, हात ओरबाडले, प्रेमदासकडून दोर घेऊन बादली सोडली, आणि ओंजळीनं ते जांभळट लाल पाणी प्यायले.

गावानं श्वास धरला. मीही धरला, पण माझं कारण वेगळं होतं. मोटारीनं त्यांच्या पोटात आधीच काही ठेवलं नव्हतं, आणि त्या पाण्याला गंजलेल्या खिळ्याची चव असते. त्यांचा चेहरा हिरवा झाला. कपाळावर घाम आला. गाल फुगले.

"पाहा, पाहा," कुणीतरी कुजबुजलं. "देवी धरून राह्यली त्याले."

महादेवरावांनी गिळलं. पुन्हा गाल फुगले. पुन्हा गिळलं. उभं आयुष्य आखूड वाक्यं पोटात दाबून ठेवणाऱ्या त्या माणसाला आता एक ओंजळ पाणी दाबून ठेवायचं होतं, आणि सगळं गाव त्यांच्या गळ्याच्या घाटीकडे डोळे लावून बसलं होतं. ते हळूच काठावर बसले. एक हात गुडघ्यावर. बायका घागरी खाली ठेवायला तयार नव्हत्या, उचलायलाही नव्हत्या.

कौशल्याबाई घरात गेली. मला वाटलं, झालं, हिनंच पाठ फिरवली. पण ती आली तेव्हा तिच्या हातात हिरवं लुगडं होतं, घडी न मोडलेलं, कापराच्या वासाचं. तिनं ते मरीमायच्या दगडावर अंथरलं.

"माय," ती मोठ्यानं म्हणाली, "हे घे. माया भावाच्या पयल्या पगाराचं हाय, आंगाले लावलं नाई म्या अजून. हे ठेव, आन् आमची इहीर आमाले दे."

मग ती विहिरीपाशी आली. "महाद्या," ती म्हणाली, चारचौघांत, "सर तिकडे. लोटा दे."

ती घटाघट प्यायली, तोंड पुसलं आणि वळली. यावेळी तिनं 'समजलं ना' विचारलं नाही. "उभ्या काऊन?" बायकांना म्हणाली. "दोर धरा."

पहिली बादली वर आली, तशी मी त्यांची छत्री उघडली आणि महादेवरावांना कडब्याच्या गंजीआड नेलं. तिथे जे व्हायचं ते झालं. छत्री मोठी होती, कुणाला काही दिसलं नाही.

निघताना कौशल्याबाई गाडीपर्यंत आली. चाकावर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली.

"मले तुयं लिवलेलं कधीच समजलं नाई गा," ती हळू म्हणाली. "पन आयकाले लय बरं वाटे."

"मले मालूम हाय, अक्का," महादेवराव म्हणाले. मला नाही वाटत त्यांना ते आधी मालूम होतं. "आता समजन असं लिवतो."

"लिव. पन एखांदा मोठा शब्द ठेवत जाजो मंधात."

वरच्या वाडीत त्या साथीत माणसं गेली. उंबरधरीत कुणी गेलं नाही.

वर्ध्याला परतल्यावर महादेवरावांनी नवी नोटीस लिहिली. "विहिरीत औषध आहे म्हणून पाणी लाल आहे. तेच प्या. नाल्याचं सर्वथा पिऊ नका." मधला 'सर्वथा' तेवढा अक्कासाठी ठेवला होता. साहेबांनी ती 'भाषा शासनास शोभणारी नाही' असा शेरा मारून परत केली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, भाषांतरकाराची जागा मोडली, आणि महादेवराव आवक-जावकच्या टेबलावर बसून तिथूनच निवृत्त झाले. मुंबई राज्यातल्या पहिल्याच उन्हाळ्यात विहिरींची नोटीस निघाली ती पंचावन्न सालची, 'कूपजल प्राशनार्ह'वालीच होती. तारीख तेवढी बदलली होती.